एचएलए जनुकविविधता : महाराष्ट्रातील लोकसमूह

शरीरात आपले कोण आणि परके कोण, हे प्रतिकारयंत्रणेला ओळखायला लावणाऱ्या जनुकांमधील भेद. ही जनुके सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असतात. माणसाच्या जनुकसंचात इतके वैविध्य दुसरीकडे क्वचितच आढळते. फ्रान्सच्या झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये या गटातील पहिले प्रतिजन ओळखले. १९८० मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे या जनुकांपासून बनणाऱ्या एचएलए रेणूंवर मांडते, बाजारात पाटीत माल मांडावा तसे. प्रतिकारयंत्रणेच्या टी-पेशी तो पारखतात. पाटी बदलली की दिसणारा मालही बदलतो.

या विविधतेच्या अभ्यासाला सह्याद्रीतील जमाती मोलाच्या. माळशेज घाटाच्या वाटेवरील टोकावडे (ता. मुरबाड) परिसरात ठाकर, कातकरी, महादेव कोळी शेजारी नांदतात; सोयरीक मात्र परंपरेने आपापल्या जमातीत. ठाकरांत तर ‘क’ आणि ‘म’ हे गटही वेगळे. अशा अंतर्विवाहामुळे एकाच शिवारात जनुकरूपांचे प्रमाण जमातीगणिक निराळे असू शकते.

याचा व्यवहारात उपयोग अस्थिमज्जारोपणात होतो. सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ते जमले नाही, तर दाता बहुधा आपल्याच समाजात शोधावा लागतो.