एका पदयात्रेचा पूर्वेतिहास

हिरडस व गुंजण मावळातील मनुष्यास यात्रेची तयारी शिकवावी लागत नाही. पौषी पौर्णिमेस मांढरदेवीच्या काळूबाईस जावयाचे असो किंवा आषाढीस दिंडीबरोबर पंढरीची वाट धरावयाची असो, भोर व वेल्हे या भागांतील घरांत आठवडा आधीपासून बोलणे सुरू होते. सोबत कोण, भाकरी कोणी बांधावयाच्या, मागे गुरांकडे कोणी पाहावयाचे, हे सर्व चारचौघांत ठरते. यात्रा देवाची असली तरी प्रयाण गावाचे असते.

याच मुलुखातून पुण्यास व मुंबईस आणखी एका यात्रेसाठी माणसे जातात. समलिंगी व तृतीयपंथी स्त्रीपुरुषांच्या त्या पदयात्रेस शहरात 'प्राइड' म्हणतात. तिची तयारी मात्र उंबऱ्याच्या आतदेखील कोणास न कळविता करावी लागते. या विषयाकडे आम्हांस वळविले ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने. वेल्ह्याकडील हा तरुण एके दिवशी घरी आला, बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला, आणि उठता उठता म्हणाला, "सर, जूनच्या पहिल्या रविवारी आपले पुण्यास काही काम निघेल काय? आपल्याबरोबर जातो असे घरी सांगता आले असते." प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी आम्हांस बराच मागचा काळ चाळावा लागला.

या पदयात्रेचे मूळ अमेरिकेत आहे. 28 जून 1969 रोजी न्यूयॉर्क येथील स्टोनवॉल नावाच्या पानगृहावर पोलिसांनी छापा घातला, आणि नेहमी मुकाट्याने पांगणारे लोक त्या रात्री उलटून उभे राहिले. वर्षाने, त्याच तारखेस, पहिली पदयात्रा निघाली. आपल्या देशात तिचे अनुकरण कोलकात्यास 2 जुलै 1999 रोजी झाले. चालणारे अवघे पंधरा होते, व त्यांतही काही परगावाहून आलेले होते. मुंबईची पदयात्रा 16 ऑगस्ट 2008 रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी निघाली. तीत 'आझादी' हा शब्द होता तो उगाच नव्हे. ज्या 377 व्या कलमाने हे संबंध गुन्हा ठरविले होते, ते 1860 साली इंग्रजांनी आणलेल्या दंडसंहितेतील होते. राज्यकर्ते गेले, कलम राहिले होते. पुण्यास पहिली पदयात्रा 11 डिसेंबर 2011 रोजी निघाली. तिच्यामागे बिंदुमाधव खिरे व त्यांनी स्थापिलेला समपथिक ट्रस्ट होता.

येथवरचा इतिहास कोणासही सांगता येतो. परंतु महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर तो बराच आधी, पायांनी नव्हे तर पत्रांनी सुरू झाला असे आम्हांस वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले व 1953 साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. त्यात वाचकांच्या खाजगी प्रश्नांस ते उत्तरे देत. घरातील वडीलधाऱ्यांस, वैद्यास वा गुरुजींस जे विचारता येत नसे, ते लोक पोस्टाने या अनोळखी गृहस्थास विचारीत, आणि त्यात समलिंगी आकर्षणाविषयीचे प्रश्नही असत. अशा उत्तरांवरून 1934 साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर मिळाले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. निकाल विरुद्ध गेला व कर्व्यांस दंड झाला. ज्याला शहरास जाता येत नव्हते त्याचे पत्र शहरास जाई, इतके या प्रकरणावरून स्पष्ट दिसते. मनुष्य स्वतः निघण्यापूर्वी त्याचा प्रश्न निघाला होता.

तेव्हा भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते, व वेल्ह्याचा मुलूख त्यातच मोडे. 1948 साली संस्थान विलीन झाले. पुढे रस्ते झाले, एस. टी. आली, आणि पुणे पन्नास-साठ किलोमीटरांवर आले. आता भोरचा प्रवासी कापूरहोळास व वेल्ह्याचा नसरापुरावरून चेलाडीस हमरस्त्याला लागतो, आणि कात्रज ओलांडून स्वारगेटास उतरतो. अंतर थोडे आहे. प्रवास मात्र लांबचा आहे.

याचे कारण असे की पदयात्रा बहुधा रविवारी असते. शहरातल्यास ती सोय. खेड्यातल्यास तीच अडचण. रविवारी ना कॉलेज, ना कचेरी, ना दाखला आणावयाचे निमित्त. पुण्याची यात्रा पुढे जूनच्या आरंभी निघू लागली. वेल्ह्यात ते भाताची रोपे टाकण्याचे दिवस. घरातला हाताशी आलेला मुलगा त्या दिवशी कोठे निघाला, हे विचारल्यावाचून कोण राहील? मग मित्राचे लग्न, नोकरीची परीक्षा, दवाखाना, यांपैकी काही रचावे लागते. परतीची शेवटची गाडी पाहून ठेवावी लागते. रंगीत कपडे पिशवीच्या तळाशी घालून शहरात बदलावे लागतात. वर्तमानपत्रात छायाचित्र येईल या धास्तीने आरंभीच्या वर्षांत कित्येक जण मुखवटे घालून चालत. ज्या यात्रेच्या नावातच अभिमान आहे, तिला तोंड झाकून जावे लागे, यावरून त्या लोकांच्या धैर्याचे माप घ्यावे.

कोणी म्हणेल की आता कायदाच बदलला, मग लपविण्याचे कारण काय? कायद्याची वाटही सरळ नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली दिलेली मोकळीक सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी काढून घेतली. पुण्याच्या पहिल्या पदयात्रेस त्याच दिवशी दोन वर्षे पुरी होत होती. अखेर 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्द झाले. परंतु 2023 साली समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे त्याच न्यायालयाने नाकारले. शिवाय न्यायालयाचा हुकूम तालुक्याच्या कचेरीपर्यंत पोचतो. घरच्या ओसरीवर त्याची अंमलबजावणी करणारा कोणी नसतो.

आम्हां इतिहासाच्या शिक्षकांस निकालांच्या तारखा व जमावाचे आकडे टिपण्याची सवय असते. जमावातील एकेक मनुष्य कोठून, कोणत्या गाडीने, घरी काय सांगून आला, याची नोंद कोणी ठेवीत नाही. आणि या यात्रेचा खरा इतिहास तर तेथेच आहे. ज्या दिवशी वेल्ह्यातील आई या वाटेच्या यात्रेकरूसही भाकरी बांधून देईल, त्या दिवशी हा इतिहास पुरा झाला असे आम्ही म्हणू.

तोवर त्या तरुणास काय सांगावे? खोट्यास साथ देणे शिक्षकास शोभत नाही, असे प्रथम मनात आले. मग विचार केला की काम निघाले तर ते खोटे कसे ठरेल? आम्ही त्यास कळविले की जूनच्या पहिल्या रविवारी आम्हांस पुण्यास एक पदयात्रा पाहावयास जावयाचे आहे, आणि या वयात सोबत असलेली बरी.