डेपोतला पंप ओस, एसटी बाहेरच्या पंपावर

२०१३ साली आमची एसटी प्रवाशांसकट रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर डिझेलला थांबायची. डेपोतला पंप ओस. तेव्हा वैताग यायचा, कारण नंतर कळलं.

जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने ठरवलं: पंपावरचं डिझेल महिन्याला साधारण ५० पैशांनी वाढेल, पण रेल्वे, एसटी अशा घाऊक ग्राहकांना थेट बाजारभाव. लिटरमागे दहा-अकरा रुपये जास्त! घाऊक घेणाऱ्याला महाग, हे गणित किराणा दुकानदारालाही सुचलं नसतं. ट्रकवाले पंपावरच भरायचे, त्यांना झळ कमी. एसटीने तीच वाट धरली. रेल्वे इंजिन काही पंपावर नेता येत नाही. १ एप्रिलपासून मालभाडं पाच टक्क्यांच्या वर वाढलं.

पुढे कच्चं तेल कोसळलं. आता तरी ट्रकभाडं उतरेल असं वाटलं होतं. पण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ दरम्यान डिझेलवरचं केंद्रीय उत्पादन शुल्क लिटरला ३.५६ रुपयांवरून १७.३३ वर गेलं. स्वस्ताईतला मोठा वाटा तिजोरीत गेला. २०१७ ला जीएसटी आला, डिझेल बाहेरच राहिलं. म्हणजे डिझेलवर भरलेल्या कराची वजावट ट्रकवाल्याला नाही. तो कर भाड्यात चढतो, आणि भाडं कांद्याच्या गोणीवर.