बिस्मथचे हेलकावे

लेव्ह शुब्निकोव्ह 1926 साली लेनिनग्राडहून हॉलंडातल्या लायडनला आले, ते हातात एक कसब घेऊन. वितळलेला धातू सावकाश गोठवून त्याचा एकसंध स्फटिक कसा वाढवायचा, याची रीत त्यांनी ओब्राइमोव्ह यांच्यासोबत बसवली होती. लायडनला द हास यांच्यासोबत त्यांनी बिस्मथचे अतिशुद्ध स्फटिक द्रव हायड्रोजनाच्या थंडाव्यात चुंबकक्षेत्रात ठेवले. 1930 मध्ये दिसले ते असे: क्षेत्र वाढवताना विद्युतरोध सरळ चढत नाही, हेलकावे घेत चढतो. त्याच वर्षी द हास आणि व्हान आल्फेन यांना बिस्मथच्या चुंबकत्वातही तेच हेलकावे सापडले.

चुंबकक्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरतात आणि त्यांची ऊर्जा पायऱ्यापायऱ्यांनी ठरते. क्षेत्र वाढले की या पायऱ्या एकेक करून इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या पातळीबाहेर सरकतात. प्रत्येक सरकण्याला एक हेलकावा. लांडाऊ यांनी 1930 सालीच हे कागदावर मांडले होते, पण एवढे एकसारखे क्षेत्र प्रयोगात मिळणार नाही, म्हणून हेलकावे दिसायचे नाहीत, असे त्यांना वाटत होते. बिस्मथने ते दाखवले, कारण त्यात लाखभर अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. इलेक्ट्रॉन विरळ, म्हणून हेलकाव्यांची लय संथ, आणि साध्या चुंबकातही पकडता येण्याजोगी. याच विरळपणामुळे बिस्मथ अतिवाहक होईल, म्हणजे त्याचा विद्युतरोध शून्यावर येईल, अशी आशा फारशी नव्हती. 2016 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन यांच्या गटाने तो 0.00053 केल्विनला अतिवाहक होतो हे दाखवले. तिथेही सारी मदार शुद्ध स्फटिकावर होती.

शुब्निकोव्ह पुढे खारकिव्हला गेले. ज्यांच्यात चुंबकक्षेत्र शिरले तरी अतिवाहकता टिकते, अशा मिश्रधातूंचा त्यांनी तिथे कसून अभ्यास केला. 1937 मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना अटक करून गोळ्या घातल्या. त्यांनी आणखी काय शोधले असते, या विचाराने आजही जीव तुटतो.

1952 मध्ये ऑन्सागर यांनी हेलकाव्यांना भाषा दिली: लयीवरून फर्मी पृष्ठभागाच्या, म्हणजे संवेगाच्या नकाशावर भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांमधल्या सीमेच्या, छेदाचे क्षेत्रफळ काढता येते. स्फटिक फिरवत मोजत गेले की त्या पृष्ठभागाचा सगळा आकार हाती येतो.

2010 मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी बिस्मथ सेलेनाइडच्या थरांमध्ये तांबे भरले आणि तो स्फटिक सुमारे 3.8 केल्विनला अतिवाहक झाला. ही अतिवाहकता टोपॉलॉजिकल असावी, म्हणजे स्फटिकाच्या पृष्ठभागावर खास अवस्था अटळ असाव्यात, अशी अटकळ होती. ती पारखायला फर्मी पृष्ठभागाचा आकार हवा होता. पण अतिवाहक अवस्थेत रोधच शून्य, मग हेलकावे दिसणार कुठे? म्हणून प्रबळ क्षेत्राने आधी अतिवाहकता मोडायची आणि चुंबकत्वामुळे स्फटिकावर पडणारा पीळ मोजायचा. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने तसेच केले. तांबे कमी असताना फर्मी पृष्ठभाग लंबगोल, बंद निघाला. इलेक्ट्रॉन वाढले तसा तो जवळजवळ नळकांड्यासारखा झाला. फू आणि बर्ग यांच्या कसोटीनुसार हा आकारच मोलाचा आहे. अतिवाहकता विषम समतेची असेल, म्हणजे दिशा उलटवली की इलेक्ट्रॉनजोडीच्या लहरीचे चिन्ह बदलत असेल, तर बंद पृष्ठभागावर ती टोपॉलॉजिकल ठरते. पृष्ठभाग नळकांड्यासारखा झाला की तो निष्कर्ष तसाच लागू होत नाही.