वाळीत टाकण्याची यादी, मूळ गाव काली

मानवाधिकार तुडवणाऱ्या अधिकाऱ्याची मालमत्ता गोठवायची, व्हिसा रोखायचा, पण त्याच्या देशाला उपाशी मारायचं नाही. या हत्याराची रूढ जन्मकथा अशी: १९९० पासून इराकवर सरसकट निर्बंध आले, सामान्य माणसं भरडली गेली, मग १९९८-९९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनच्या बैठकांत नेमक्या निर्बंधांची आखणी झाली.

मला हे कूळ पटत नाही. मूळपुरुष कोलंबियातल्या काली शहरातला, आणि धंदा कोकेनचा. २१ ऑक्टोबर १९९५ च्या क्लिंटन यांच्या आदेशाला चार तस्करांची नावं जोडली होती. त्यांत गिल्बेर्तो आणि मिगेल हे रोद्रिगेस ओरेहुएला बंधू होते. मालकांपाठोपाठ कंपन्याही यादीत आल्या, अगदी 'द्रोगास ला रेबाहा' ही औषधांच्या दुकानांची साखळीसुद्धा. खरी मेख पुढे आहे. हा हुकूम कोलंबियाच्या बँकांना कायद्यानं लागू नव्हता. तरीही डॉलरचे व्यवहार तुटतील या धास्तीनं त्यांनी या मंडळींची खाती बंद केली. तिथे या यादीला 'क्लिंटन यादी' असंच नाव पडलं.

यावर दोन आक्षेप येतात. हैतीच्या लष्करी अधिकाऱ्यांवर सुरक्षा परिषदेनं १९९४ मध्येच प्रवासबंदी घातली होती. जानेवारी १९९५ मध्ये क्लिंटन यांनीच पश्चिम आशियातल्या दहशतवादी संघटनांची मालमत्ता गोठवली होती. वयानं दोन्ही थोरले, कबूल. पण हैतीत सेनानींना खुर्ची सोडायला लावायची होती, आणि संघटनांच्या देणग्या आटवायच्या होत्या. कालीत कोणी सुधारेल ही आशाच नव्हती. उजळ माथ्यानं चालणाऱ्या बाजारातून त्यांना हुसकायचं होतं.

मॅग्नित्स्की कायद्यात उतरलं ते हेच रक्त. २३ कोटी डॉलरचा करघोटाळा उघड करणारे सर्गेई मॅग्नित्स्की १६ नोव्हेंबर २००९ रोजी मॉस्कोत कोठडीत मरण पावले. माणूसच गेल्यावर कोणाचं वर्तन सुधारणार? म्हणून २०१२ च्या कायद्यानं संबंधितांना अमेरिकेची दारं आणि बँका बंद केल्या. २०१६ मध्ये तो जगभर लागू झाला. डिसेंबर २०१७ च्या आदेशात मानवाधिकारभंग हा अमेरिकेची सुरक्षा, परराष्ट्र धोरण आणि अर्थव्यवस्था यांना असाधारण धोका ठरवला आहे. कालीच्या आदेशात तस्करांबद्दल हीच शब्दयोजना आहे. टीकाकार म्हणतील, हा १९७७ च्या आणीबाणी-अधिकार कायद्याचा साचा. असेल, पण माणूस, त्याची कंपनी आणि त्याचं दुकान एकाच फासात अडकवायला तो साचा वापरला गेला कालीत.

२०२० मध्ये हाँगकाँगच्या प्रमुख कॅरी लॅम अशाच यादीत आल्या. त्यांनी टीव्हीवर सांगितलं की बँकसेवा मिळत नाही, पगार रोख येतो, घरात नोटांच्या थप्प्या लागल्या आहेत. धोरण मात्र तसूभर बदललं नाही. सुधारणा हा हेतू धरला तर हत्यार बोथट. वाळीत टाकणं हा धरला तर कालीइतकंच धारदार. यादी काढणाऱ्या सरकारांनी यातला कोणता हेतू हे आधी जाहीर करावं, मग यश-अपयशाचा हिशेब मांडावा.