भाजी पिकविणारा नगरसभासद

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आपण बहुधा शेतकऱ्याच्या दैन्याचे चित्र म्हणून शिकवितो. आमच्या मते हे अर्धेच वाचन होय. 1883 साली हा ग्रंथ सिद्ध झाला, तेव्हा त्याच्या कर्त्याने पुणे नगरपालिकेतील सभासदत्वाचा काळ (1876 ते 1882) नुकताच पुरा केला होता. सार्वजनिक पैसा कोठून येतो व कोठे जातो, हे त्यांनी आत बसून पाहिले होते.

फुले घराणे मूळचे साताऱ्याकडील कटगुणचे. तेथून ते पुरंदरातील खानवडीस व पुढे पुण्यास आले. गोऱ्हे हे आडनाव मागे पडले आणि फुलांच्या व्यवसायाने नवे नाव दिले. गाव सुटले, माती मात्र सुटली नाही. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी घेण्यास शेतकरी बिचकत असता जोतीरावांनी मांजरीस त्याच पाण्यावर बागायत करून दाखविली.

हाच बागायतदार 1880 मध्ये व्हाइसरॉयच्या स्वागतार्थ एक हजार रुपये खर्चण्याच्या प्रस्तावाविरुद्ध बत्तीस सभासदांत एकटा उभा राहिला. नव्या मंडईच्या खर्चिक योजनेलाही त्यांचा विरोध होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे. मंडईशी ज्याचा व्यवहार त्यानेच असे म्हणावे, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. 1886 साली मंडई उभी राहिली ती ‘रे मार्केट’ म्हणून. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला नाव मिळाले ते महात्मा फुल्यांचेच!

‘असूडा’तील शेतसारा, लोकल फंड, पाटबंधारे खाते, शहरात माल आणणाऱ्यावरील म्युनिसिपालिटीची जकात यांची चर्चा या अनुभवाच्या उजेडात वाचली की ग्रंथातील संतापामागचा हिशेब दिसू लागतो. करुणेइतकाच तो हिशेबही साहित्याचा विषय आहे.

आम्ही हे सोलापूरजवळच्या कुंभारीतून लिहीत आहोत. येथे एकीकडे शेते, तर दुसरीकडे 2006 मध्ये विडी कामगारांसाठी साकारलेली दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत. तेथील अनेक तेलुगुभाषक कुटुंबांचे पूर्वजही पोटासाठी गाव सोडून आलेले. अशा वर्गात ‘असूड’ शिकविताना शेजारी ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रकही उघडून ठेवावे, असे आम्हांस वाटते.