गिळलेल्या नॅपकिनचे छत्तीस तास

बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीपासून पाच मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावरचं वन-रूम-किचन. घर आणि माणसं माझ्या कल्पनेतली आहेत. सापाच्या पोटात जे घडतं ते मात्र खरं आहे, आणि मुलाच्या मनातली भीतीही खरी आहे. मुंबईच्या उपनगरांत आज कपाटाआड, पलंगाखाली प्लॅस्टिकच्या टबात बॉल पायथन जातीचा अजगर पाळणारी तरुण मुलं आहेत. त्यातल्या कुणाच्या तरी घरी आज शनिवार असेल, म्हणून हा घटनाक्रम.

शनिवार, रात्री 8.20. उरले 36 तास

बर्फातून काढलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून झाला आहे. मुलगा तो गॅलरीतल्या जुन्या नॅपकिनवर टिपतो आणि नॅपकिनसकट टबात ठेवतो. खाली नारळाचा भुसा आहे, तो उंदराला चिकटून सापाच्या तोंडात जाऊ नये, एवढीच काळजी. काळजी योग्य आहे. चुकतं ते पुढे.

साप डोळ्यांवर फारसा विसंबत नाही. जिभेने हवेतले कण गोळा करून तो टाळूतल्या जेकबसनच्या अवयवाला पोचवतो, आणि बॉल पायथनच्या ओठांवरच्या खाचा समोरच्या वस्तूची ऊब ओळखतात. ओला, कोमट, उंदराच्या वासाने भिजलेला नॅपकिन त्याच्या लेखी उंदरापासून वेगळा नाही.

रात्री 8.40

सापाने झडप घातली, विळखा आवळला, आणि आता तो उंदराचं तोंड शोधतोय. मुलाने एवढं पाहिलं आणि मोबाइल वाजला म्हणून तो बाहेर गेला.

सगळ्या घटनाक्रमात मला ही वेळ सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे थोडं थांबतो. अजगराच्या जातीचे दात आत वळलेले असतात, गळासारखे. खालच्या जबड्याचे दोन्ही भाग पुढे हाडाने जोडलेले नसतात. एक बाजू पुढे सरकते, दात रुतवते, मग दुसरी सरकते. भक्ष्य असं पायरी-पायरीने आत जातं. या रचनेत बाहेर सोडण्याची सोय फार कमी आहे. कापडाचा धागा एकदा त्या दातांत अडकला की सापाला तो थुंकता येत नाही, आणि जबड्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर कापड आतच जातं. गुदमरून तो थांबेल असंही नाही, कारण गिळताना त्याच्या श्वासनळीचं तोंड पुढे येतं आणि श्वास चालू राहतो.

2015 साली ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये विन्स्टन नावाच्या पाळीव अजगराला मालक चिमट्याने उंदीर देत होता. सापाने चिमटाही धरला आणि सोडला नाही. सोडेल म्हणून मालक जरा बाजूला गेला. परत आला तेव्हा अख्खा धातूचा चिमटा पोटात होता, आणि तो शस्त्रक्रिया करूनच काढावा लागला. त्याच देशात 2007 मध्ये एका अजगराने कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलेले चार गोल्फचे चेंडू अंडी समजून गिळले होते. 2006 मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बारा फुटी ब्रह्मी अजगराच्या पोटातून विजेचं ब्लँकेट निघालं, वायरीसकट. हे तिन्ही साप वाचले, कारण तिघांनाही वेळेत डॉक्टरकडे नेलं गेलं.

रात्री 9.30. उरले जवळपास 35 तास

साप शांत पडला आहे. मुलगा समाधानाने झाकण लावतो.

"अरे, गॅलरीतला निळा नॅपकिन तूच घेतलास ना?" स्वयंपाकघरातून आई विचारते.

तो टबाकडे वळतो. भुसा उचकटून पाहतो, पाण्याचं भांडं उचलतो, लपण्याची कवटी उचलतो. नॅपकिन नाही. सापाच्या अंगाच्या मध्यावर फुगवटा आहे आणि तो नेहमीपेक्षा लांबट आहे.

याच क्षणी फोन लावला असता तर? 2020 च्या फेब्रुवारीत सिडनीत माँटी नावाच्या अठरा वर्षांच्या, तीन मीटर लांब अजगराने समुद्रावर न्यायचा अख्खा टॉवेल गिळला होता. डॉक्टरांनी भूल दिली, तोंडातून दुर्बीण घातली, लांब चिमट्याने टॉवेलचं टोक धरलं आणि तो हलकेच बाहेर काढला. पोट कापावं लागलं नाही, साप त्याच दिवशी घरी गेला. कापड जठरात असतं तोवर हा रस्ता उघडा असतो. पुढे आतड्यात सरकलं की कापाकापीशिवाय गत्यंतर नसतं.

रात्री 11.20. उरले 33 तास

मुलगा मुलुंडच्या मित्राशी बोलतो. त्याच्याकडेही असाच एक साप आहे. मित्र म्हणतो, "होईल रे बाहेर, केस-नखं निघतात ना विष्ठेतून?"

केस आणि नखं खरंच निघतात. पण ती सुटी असतात, आणि नॅपकिनचा पीळ होतो. जठरातलं आम्ल मांस आणि हाडं विरघळवतं, सुती कापडाचं ते फारसं काही बिघडवू शकत नाही.

डॉक्टरांचं नाव कुणीच काढत नाही. कारण दोघांनाही माहीत आहे आणि दोघेही ते बोलत नाहीत: सापाचे कागद नाहीत.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला प्राणी. बोरिवलीच्या जंगलात तो नसतो, तिथे असतो तो आपला अजगर, आणि त्याला पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण बंद आहे. मग हा परदेशी साप इथवर आला कसा? डिसेंबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक पकडले. ते बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत लपवले होते. त्याआधी ऑक्टोबर 2022 मध्ये, त्याच विमानतळाच्या मालवाहतूक विभागात, शोभेच्या माशांच्या नावाखाली आलेल्या खोक्यांतून साप, सरडे, कासवं असे 665 प्राणी निघाले, त्यांतले 117 मेलेले. पकडले गेले त्यांची मोजदाद झाली. जे निसटून बाहेर पडतात ते पलंगाखालच्या टबांत पोचतात.

जून 2020 मध्ये केंद्राने सहा महिन्यांची मुदत दिली होती. घरातल्या विदेशी प्राण्याची स्वतःहून नोंद करा, कागद मागणार नाही, असं सांगितलं होतं. 2022 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा बदलला, फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदणीचे नियम आले आणि केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करणं बंधनकारक झालं. मुलाने साप घेतला मधल्या काळात, रोख पैसे देऊन, पावती न मागता.

कायदा हवाच. बिस्किटांच्या पुड्यात कोंबून आणलेल्या सापाचे हाल ज्याला ऐकवत नाहीत तो या कायद्याच्या बाजूनेच उभा राहील. पण आज रात्री त्या नॅपकिनचा भार ज्याच्या पोटात आहे, त्याने कुठलाही कायदा मोडलेला नाही.

रविवार, पहाटे 4. उरले 28 तास

घर झोपलं आहे, टबात मात्र मोठी उलथापालथ चालू आहे. उपाशी अजगराच्या जठरात आम्ल जवळजवळ नसतं. भक्ष्य आत गेल्यावर ते झपाट्याने तयार होतं आणि दिवसभरात जठर तीव्र आम्लाने भरतं. ब्रह्मी अजगरावरच्या 2005 च्या एका अभ्यासात, मोठ्या जेवणानंतर 48 तासांत हृदयाच्या खालच्या कप्प्याचं वजन 40 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. आतडी, यकृत, मूत्रपिंडं, सगळी कामाला लागतात आणि वाढतात. आफ्रिकेतला असो की आशियातला, एका जेवणासाठी अजगराचं शरीर सगळी शक्ती पणाला लावतं. इथे त्या शक्तीचा एक हिस्सा नॅपकिनवर वाया जातोय.

सकाळी 10.30. उरले 22 तास

मुलगा एका सर्पमित्राला फोन लावतो.

"दादा, माझ्या एका मित्राकडे साप आहे, त्याने चुकून कापड गिळलंय."

पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं: "मित्राला सांग, सापाला अजिबात हात लावू नकोस. पोट दाबू नकोस, तेल पाजू नकोस. विदेशी प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे आत्ता घेऊन जा. बाकीचं नंतर बघू."

इतका नेमका सल्ला फार थोड्यांना मिळतो. मुलगा "हो दादा" म्हणून फोन ठेवतो. मग विचार करतो की डॉक्टर विचारतील कुठून आणला. वनखात्याला कळवतील. सोसायटीत बातमी जाईल. आईला काय सांगायचं?

टब पिशवीत भरायला काढलेला असतो. तो पुन्हा पलंगाखाली जातो.

दुपारी 1. उरले 19 तास

तो टबातून साप काढतो. फुगवटा बोटांनी चाचपतो, फोटो काढतो, मित्राला पाठवतो. तासाभराने पुन्हा. जेवलेल्या सापाला दोन दिवस हात लावू नये हे तो स्वतःच नव्या मुलांना सांगत आला आहे. घाबरलेल्या सापाला पळायचं असतं, आणि पळण्यासाठी तो पोटातलं ओझं आधी टाकतो.

संध्याकाळी 6.30. उरले 14 तास

कुणीतरी सांगितलं म्हणून कोमट पाण्याची अंघोळ. "आतडी सैल होतात." साप पाण्यात डोकं वर धरून ताठ राहतो.

आई दारात उभी आहे. तिला सगळं कळलंय. "चल, मी येते डॉक्टरकडे. मी बोलते त्यांच्याशी," ती म्हणते. सापाच्या भीतीने आजवर कधी टबाजवळही न आलेली ही बाई. मुलगा म्हणतो, "उद्या बघू गं."

रात्री 11.15. उरले 9 तास

साप टबाच्या कडेने सारखा फिरतोय. मान वर, तोंड किंचित उघडं. मुलाला वाटतं, सुधारतोय, हालचाल करतोय.

पोटात उंदीर अर्धा विरघळला आहे. त्याभोवती कापडाचा पीळ पडला आहे, आणि आम्ल कापडात मुरून जठराच्या एकाच जागी लागून राहिलं आहे. उद्या एक्स-रे काढला तरी उंदराची हाडं दिसतील, नॅपकिन नीटसा दिसणार नाही. आयडाहोच्या ब्लँकेटला वायर होती म्हणून ते चित्रात उठून दिसलं, सुती कापडाला असं काही नसतं. मालकाने तोंडाने सांगितलं तरच डॉक्टरला कळतं. या घरात सगळं अडलंय ते नेमकं तिथेच.

सोमवार, सकाळी 7.20. उरला 1 तास

साप ओकायला लागतो. अंग लाटेसारखं मागून पुढे आकुंचन पावतं. उग्र, कुजका वास खोलीभर. उंदराचे अवशेष आधी येतात, मग निळ्या कापडाचं टोक. आणि तिथेच थांबतं. बाकीचा नॅपकिन अन्ननलिकेत आहे, आम्लाने भिजलेला, आतल्या नाजूक अस्तराला चिकटलेला, कडेने दातांत गुंतलेला.

सकाळी 8.15. उरली 5 मिनिटं

मुलाने एका हाताने सापाची मान धरली आहे. दुसऱ्या हाताच्या चिमटीत निळं टोक. त्याला खात्री आहे की आता फक्त ओढायचं आहे. छत्तीस तासांत पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलंय.

सिडनीच्या डॉक्टरांनी हेच केलं होतं, पण भूल देऊन, स्नायू सैल झाल्यावर, दुर्बिणीतून प्रत्येक इंच पाहत. इथे साप जागा आहे आणि अंग आवळून धरतोय. ओढलं की दात उपटतील, हिरड्यांना जखमा होतील, त्या सडतील. त्याहून वाईट म्हणजे अन्ननलिका फाटेल, आणि ती फाटली की आत भरलेलं कुजकं आम्ल शरीरात पसरेल. मग कितीही चांगला डॉक्टर मिळाला तरी त्याच्या हातात फार थोडं उरतं.

ओढू नकोस, बाळा. चिमूट सोड. आईला हाक मार, ती कालपासून तयार आहे. टबाला झाकण लाव, टॅक्सी बोलाव. दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांग, "नॅपकिन गिळलाय, शनिवारी रात्री पावणेनऊला, अर्धा अजून आत आहे." साप कुठून आणला ते विचारतील तेव्हा तेही खरं सांग.