सात महिन्यांचा शिधा



दोन रात्रींसाठी बन्या माउंटन्सला निघालं तरी टूवूंबातल्या मराठी घरात काय धांदल उडते, हे सांगायला नको. तंबू, स्लीपिंग बॅगा, गॅसची शेगडी, कुकर, मेतकूट, शिवाय "असू दे, लागेल" म्हणून भरलेल्या चार पिशव्या. डिकी काही लागत नाही. म्हणून आपल्याच परिसरातून निघालेल्या एका जुन्या बिऱ्हाडाची हकीकत लिहावीशी वाटली.

साल १८४४. टूवूंबा गाव अजून वसलं नव्हतं. इथून डॅल्बीच्या रस्त्याने गेलं की पुढे जिंबूर लागतं. डार्लिंग डाउन्सवरचं ते तेव्हाचं टोकाचं मेंढ्यांचं ठाणं. तिथून १ ऑक्टोबरला लुडविग लायखहार्ट हा प्रशियन निसर्गअभ्यासक नऊ साथीदारांसह उत्तर किनाऱ्यावरच्या पोर्ट एसिंग्टनला निघाला. त्याला नीट दिसायचं नाही आणि नेमबाजीही बेताचीच. पण यादी मात्र त्याने चोख लिहून ठेवली आहे.

१२०० रत्तल पीठ, २०० रत्तल साखर, ८० रत्तल चहा, २० रत्तल जिलेटिन. सुमारे ३० रत्तल बंदुकीची दारू आणि छऱ्यांच्या आठ पिशव्या. १७ घोडे, १६ गुरं. प्रत्येकाला दोन जाड पँटी, तीन शर्ट, बुटांचे दोन जोड. काहींकडे तेलात भिजवलेल्या कापडाचे पाँचो होते आणि ते फार उपयोगी पडले, असं तो आवर्जून लिहितो. म्हणजे रेनकोट विसरू नका ही सूचना पावणेदोनशे वर्षांपूर्वीचीच आहे!

त्याने हिशोब धरला सात महिन्यांचा. पीठ किलोत मोजलं तर साडेपाचशेच्या आत-बाहेर, म्हणजे दहा माणसांना रोज माणशी पाव किलो. तसा हिशोब वाईट नव्हता. चूक होती ती सात महिन्यांत. प्रवासाला साडेचौदा महिने लागले.

सामान बैलांच्या पाठीवर. आपल्याकडे लमाणांचे तांडे अशाच गोण्या लादून फौजांना धान्य पुरवायचे, पण त्यांचे बैल त्या कामात मुरलेले. लायखहार्टचे बैल ओझ्याला बुजायचे, सामान फेकून द्यायचे. त्यात ब्रिगलोचं दाट रान. वाळक्या फांद्यांनी पिठाच्या गोण्या फाटल्या आणि पीठ वाटेवर सांडत गेलं. महिनाभरातच शिधा पुरणार नाही हे दिसलं आणि दोघं जण परत फिरले.

मग उरलेल्या आठ जणांनी जे केलं ते मला यादीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. बैल मारायचा, मांसाच्या पातळ पट्ट्या कापायच्या, उन्हात खडखडीत वाळवायच्या. आपल्या वाळवणाचाच प्रकार म्हणा ना. गुराचं कातडंसुद्धा शिजवून खाल्लं. रानातल्या शेंगांच्या बिया भाजून कॉफी केली. दिसेल ते फळ लायखहार्ट स्वतः चाखून बघायचा आणि पोट बिघडवून घ्यायचा. सायकॅडच्या विषारी बिया स्थानिक लोक चिरून, पाण्यात भिजवून खातात, हे त्याने त्यांच्या सोडून गेलेल्या तळांवर पाहिलं. चिंचेशिवाय सुरण शिजवला तर घशाचं काय होतं ते माहीत असलेल्याला यातली अक्कल लगेच कळेल.

पोट भरायचं ते मुख्यतः हॅरी ब्राऊन आणि चार्ली फिशर या दोन आदिवासी साथीदारांमुळे. शिकार, माग काढणं, पाणी शोधणं, हरवलेली गुरं परत आणणं, सगळं त्यांच्यावर. लायखहार्टचं त्यांच्याशी वारंवार वाजायचं, पण त्यांच्याविना चालणंही शक्य नव्हतं. सामानाच्या यादीत ही विद्या कुठल्या रकान्यात लिहिणार?

२८ जून १८४५ च्या रात्री केप यॉर्कच्या बाजूला तळावर हल्ला झाला. बंदुका होत्या, दारू होती, पण बंदुकीच्या टोप्या हाताशी नव्हत्या. चार्ली आणि ब्राऊन ओरडून त्या मागत होते आणि लायखहार्ट शोधत होता. पक्ष्यांचा अभ्यासक जॉन गिल्बर्ट त्या रात्री मेला, दोघं जबर जखमी झाले. (टॉर्च नेमका तळाच्या पिशवीत ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.)

ऑक्टोबरमध्ये रोपर नदीत तीन घोडे बुडाले. ओझं वाहायला जनावर उरेना. तेव्हा वर्षभर जमवलेले वनस्पतींचे हजारो नमुने लायखहार्टने जाळून टाकले. अन्नावाचून दिवस काढलेला हा माणूस त्या दिवशी मात्र रडला. १७ डिसेंबर १८४५ ला सात जण पोर्ट एसिंग्टनला पोचले. सिडनीत तोवर त्यांना मेलेलं धरून शोकगीतही लिहून झालं होतं.

१८४८ मध्ये तो पुन्हा निघाला, पश्चिम किनाऱ्याकडे. या वेळी माणसं सात, पण जनावरं भरपूर: ५० बैल, २० खेचरं, ७ घोडे. आजच्या रोमाजवळून ३ एप्रिलला शेवटचं पत्र आलं, त्यानंतर काही नाही. शोधपथकं निघाली, तर्क झाले. एवढ्या लवाजम्यातली खात्रीने त्याची म्हणता येईल अशी एकच वस्तू सापडली आहे: त्याचं नाव आणि १८४८ साल कोरलेली, साधारण १५ सेंटीमीटर लांबीची पितळी पट्टी. १९०० च्या सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेजवळ एका अर्धवट जळलेल्या बंदुकीला लागलेली ती मिळाली. २००६ मध्ये कॅनबेराच्या नॅशनल म्युझियमने ती विकत घेतली.